मंदिरातील दोन पुरुष आणि भिंतीतील बंद दारे

प्रश्न : मी नाशिकला राहतो. निवृत्तीनंतर सिन्नरच्या गोंदेश्वराला वरचेवर जाणे होते. मागच्या खेपेस तेथे भेटलेल्या एका माहितगारांनी सांगितले, की मंदिर म्हणजे उताणा निजलेला पुरुष. गाभारा हे त्याचे मस्तक आणि प्रवेशद्वार हे पाय. ऐकायला छान वाटले, पण मग शिखर म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांना उत्तर देता येईना. मंदिरवास्तूमागचे अध्यात्म नीट अभ्यासायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी? संस्कृत जुजबी येते.

उत्तर : तुम्ही शिखराबद्दल विचारलेत, तेथेच तुमचा अभ्यास सुरू झाला आहे. गोपुराला पाय आणि गाभाऱ्याला मस्तक मानणारी ही कल्पना मुख्यतः दाक्षिणात्य मंदिरांबाबत सांगितली जाते, आणि गोंदेश्वराला तर गोपूरच नाही. शिवाय शास्त्रग्रंथांत पुरुष एक नसून दोन आहेत, आणि पुष्कळदा त्यांची सरमिसळ होते. पहिला वास्तुपुरुष. तो जमिनीवर पालथा पडलेला असून पंचेचाळीस देवतांनी त्याला जागोजागी दाबून धरले आहे. वराहमिहिराच्या परंपरेत त्याचे मस्तक ईशान्येला येते. तो इमारतीत नसतो, इमारतीखालच्या आखणीत असतो. दुसरा प्रासादपुरुष. हा उभा असतो, म्हणजे खुद्द मंदिरच त्याचा देह असतो. अग्निपुराणात दाराला त्याचे मुख म्हटले आहे आणि आतल्या प्रतिमेला त्याचा जीव. (‘प्रासाद’ म्हणजे देवालय, हे लक्षात ठेवावे, एका कान्याच्या फरकाने ‘प्रसाद’ वाचून गोंधळलेले लोक मी पाहिले आहेत.)

मात्र ‘मंदिर म्हणजे मानवी देह’ हे समीकरण पाठ करून थांबू नये, कारण कारागिरांची परिभाषाच ते पूर्णपणे मान्य करत नाही. जंघा, स्कंध, ग्रीवा ही नावे देहाची आहेत खरी. पण भिंतीच्या बुडाशी असलेल्या थराचे नाव खुर, त्यावरचा कुंभ, आणखी वर कपोत, म्हणजे कबुतर, आणि शिखराच्या माथ्यावर आमलक, म्हणजे चक्क आवळा. शिखरासमोर पुढे आलेली शुकनासा हे नाक असले, तरी ते पोपटाचे. पशू, पक्षी, घट, फळ आणि माणूस एकाच उभ्या रेषेत रचणाऱ्या स्थपतीच्या मनात केवळ माणसाची आकृती नव्हती, तर सगळी सृष्टी होती, असे मला वाटते. म्हणून पहिले काम हे, की एक वही घेऊन गोंदेश्वराच्या बाह्य भिंतीचे थर खालून वर क्रमाने काढावेत आणि प्रत्येकाचे नाव लिहावे. चित्र चांगले येण्याची गरज नाही. हात थांबतो तेथे डोळाही थांबतो, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरे काम मापांचे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत देवालयासाठी नेहमी चौसष्ट पदांचे, म्हणजे घरांचे, मंडल (आखणीचा चौरस) आखावे, मंदिराच्या रुंदीच्या निम्मा गाभारा ठेवावा आणि उरलेल्यात भिंती याव्यात, असे सांगितले आहे. वहीच्या चौकटीच्या कागदावर आठ बाय आठ घरांचा चौरस काढून पाहा. गाभाऱ्याच्या वाट्याला मधली सोळा घरे येतात आणि भिंतींच्या वाट्याला अठ्ठेचाळीस. म्हणजे जमिनीचा तीन चतुर्थांश भाग निव्वळ दगडाने भरलेला आणि एक चतुर्थांश पोकळ. केवळ छप्पर पेलायचे असते, तर एवढ्या जाड भिंतींची गरज नव्हती. गुहेसारखा अंधार, कोऱ्या भिंती, एकच दार आणि मधोमध देव, ही ‘गर्भ’ शब्दाची जाणीव त्या जाडीतून येते. एकही तात्त्विक वाक्य न लिहिता ती मापातच मांडलेली आहे. कलेतिहासकार मायकल मायस्टर यांनी उत्तर भारतातील आरंभीच्या नागर मंदिरांची प्रत्यक्ष मापे घेऊन अशी मंडले आखणीत वापरली गेल्याचे दाखवले. बाराव्या शतकापर्यंत मात्र भिंतींना इतके कोन फुटले होते, की हा साधा हिशेब तेथे तंतोतंत जुळेल, अशी अपेक्षा धरू नये. मी स्वतः पहिल्यांदा टेप घेऊन गेलो, तेव्हा नक्षीच्या पुढे आलेल्या टोकापासून माप धरले आणि दिवसभराची आकडेमोड वाया घालवली.

तिसरे काम पायांचे. प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्याच्या तीन बाह्य भिंतींवर, मधोमध, मूर्तीसाठी केलेली देवकोष्ठे पाहावीत. त्यांना घनद्वार असेही नाव आहे. घन, म्हणजे भरीव दार. चौथ्या बाजूचे दार उघडे आहे आणि या तीन बाजूंची दारे दगडाने बंद आहेत. जणू आतील देव त्या भिंतीतूनच बाहेर आला आणि मूर्तिरूपाने दारात थांबला. शैव परिभाषेत परतत्त्व निष्कल, म्हणजे अवयवरहित, मूर्ती सकल, आणि लिंग या दोहोंच्या मधले, सकल-निष्कल. शिवमंदिराच्या बाह्य भिंतीवर अंधकासुराचा वध करणारा किंवा नृत्य करणारा शिव अनेक हातांनी प्रकटतो आणि आत गेल्यावर ना हात उरतात ना मुख. आगम, म्हणजे शैव शास्त्रग्रंथ, न वाचलेला भाविकही हा प्रवास पायांनी करतो. उत्तरेला पाणी वाहून नेणारी प्रणाल लागली, की ती न ओलांडता मागे फिरण्याची सोमसूत्री प्रदक्षिणा आपल्याकडे आजही घरोघरी माहीत आहे.

यानंतर अंबरनाथला अवश्य जावे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेल्या त्या शिलाहारकालीन मंदिरात सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते आणि शिखर अपुरे असल्याने वर थेट आकाश दिसते. ‘मंदिर म्हणजे पायरी पायरीने वर चढणे’ हे ठरावीक वाक्य तेथे निरुपयोगी ठरते. गोंदेश्वर आणि अंबरनाथ ही दोन्ही मंदिरे भूमिज शैलीची, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा रचणाऱ्या शैलीची, असून यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या आधीची आहेत. त्यांना हेमाडपंती म्हणण्याची सवय सोडल्यास पुढचे वाचन सोपे जाईल.

ग्रंथ त्यानंतर. आराखड्यांसाठी हेन्री कझन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१चा ग्रंथ अजूनही उपयोगी आहे. शास्त्रग्रंथांपैकी मेवाडच्या सूत्रधार (म्हणजे स्थपती) मंडनाचा पंधराव्या शतकातील ‘प्रासादमंडन’ अनुवादासह वाचावा; शिल्पग्रंथांचे संस्कृत व्याकरणात सैल आणि परिभाषेत घट्ट असते, त्यामुळे जुजबी ज्ञानावर भागते. स्टेला क्रॅमरिश यांचा हिंदू मंदिरावरील १९४६चा द्विखंडी ग्रंथ शेवटी घ्यावा. तो अप्रतिम आहे. परंतु वेद, पुराणे आणि शतकानुशतकांच्या अंतराने लिहिलेले शिल्पग्रंथ त्यात एकाच आवाजात बोलतात. आधी तो वाचला, तर पुढे प्रत्येक मंदिरात तोच दिसत राहतो.

प्रश्न : फ्लॅटसाठी जे वास्तुशास्त्र सांगितले जाते, तेच मंदिराचे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मूळ मंडल एकाच घराण्यातले आहे, वापर वेगळा. घराच्या आखणीत मधले ब्रह्मस्थान मोकळे सोडायचे असते, आणि आपल्या वाड्यांतला चौक त्याच्याशी चांगला जुळतो. मंदिरात नेमक्या त्या जागी गाभारा येतो. ज्या फ्लॅटच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक आहेत आणि ज्याच्याखाली आणखी सहा बिऱ्हाडे आहेत, त्याचे मंडल नेमक्या कोणत्या जमिनीवर आखायचे, हे तुमच्या सल्लागारांनाच विचारावे.