मूल आलं नाही, तर आपण जायचं

बेटा,

परवा ओट्यावर बसून तू दोन तास बोललीस आणि मी नुसती ऐकत राहिले. तू गेल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहिते आहे.

शिक्षणसेवकाची तीन वर्षं, १६ हजार मानधन, त्यातच खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे. हे सगळं मला कळतं, त्यावर बोलत नाही. तुझा खरा प्रश्न अगदी शेवटी, उठता उठता बाहेर पडला. "दिवाळीनंतर पटावर ३१ आणि वर्गात ११. बाकीचे ऊसतोडीला. बाई, मी शिकवू कुणाला? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दिलेली काय वाईट?"

परीक्षा खुशाल दे. पण त्या २० पोरांच्या घरी गेलीस का, असं मी विचारलं तर म्हणालीस, "घरांना कुलपं आहेत." कुलपं लागायच्या आधी कुठे होतीस? राग आला तर येऊ दे. मूल आलं नाही, तर आपण जायचं. आणि ते जाणार हे माहीत असेल, तर त्याच्या आधी जायचं.

ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घरात पावसाळ्यातच येते. कोणत्या घरी आली हे अख्ख्या वस्तीला ठाऊक असतं, फक्त शाळेला नसतं. त्याच आठवड्यात जाऊन बस. आजी मागे राहणार आहे का, काकाकडे पोरगं राहील का, ते विचार. चारपाच घरं तयार झाली तर हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे घे. कुणीच राहणार नसेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत पोराला बसवून घ्यावं म्हणून द्यायचं कार्ड, भरून आईच्या हातात दे आणि तिकडच्या गुर्जींना दाखवायला सांग. तुझ्याकडची कार्डं कपाटात आहेत, तूच म्हणालीस. कपाटात कशाला?

एवढं चिडून बोलण्याचा मला हक्क नाही, तरी बोलते. साक्री तालुक्यातली माझी दुसरी शाळा. तिसरीत एक मुलगी होती, पाटीवरची पेन्सिल वेणीत खोचून यायची. पोळ्यानंतर यायची बंद झाली. तिचं घर नाल्यापलीकडे, पंधरा मिनिटांच्या वाटेवर. मी गेले नाही. तपासणी तोंडावर होती, हजेरीचं प्रमाण खाली दिसत होतं. दाखलखारीज रजिस्टर काढलं, तिच्या नावावर तांबडी रेघ ओढली आणि शेऱ्यात 'सतत गैरहजर' लिहिलं.

बदल्यांच्या फेऱ्यात चौदा वर्षांनी मी पुन्हा त्याच शाळेत आले. जूनमध्ये एक बाई पोराला घेऊन प्रवेशाला आली. मी शाईचं पॅड पुढे सरकवलं. तिने पेन मागितला. नावाची पहिली दोन अक्षरं काढली आणि थांबली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, मनं नाव शे का आजून?" ते रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. मी काढलं नाही.

तेव्हा मला अडवणारं कुणी नव्हतं. आता कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि वर्षात केव्हाही आलं तरी दार बंद करता येत नाही. पण नाव पटावर ठेवलं म्हणजे मूल शाळेत आलं असं होत नाही. त्यासाठी जावंच लागतं.

आपल्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. त्यांचं नाव घेताना लोकांना त्यांचे अश्रू आठवतात, मला त्यांच्या हातातला झाडू आठवतो. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. मूल जिथे झोपतं तिथवर मास्तर गेला, हे मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं.

माझा मुलगा म्हणतो, "आई, तू साऱ्या गावाच्या घरी गेलीस, आपल्याच घरी उशिरा आलीस." त्याच्या दहावीच्या वर्षी मी संध्याकाळी वस्तीवर वर्ग घेत होते आणि रविवारी ग्रामपंचायतीच्या खोलीत पुस्तकं वाटत होते. ते चूक होतं का? त्याच्याजवळ बाप होता, दिवा होता, टेबल होतं. वस्तीवरच्या पोरांजवळ यातलं काहीच नव्हतं. त्याला मी कधी उत्तर दिलं नाही, तुला देते: पुन्हा वेळ आली तरी मी वस्तीवरच जाईन. रात्री त्याच्या उशाशी बसायला हवं होतं, एवढं मात्र मनात राहिलंय.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माणसं परततील, कुलपं उघडतील. मी आदल्या दिवशी मुक्कामी गाडीने तुझ्याकडे येते. भाकरी माझ्याबरोबर असेल, तू स्वयंपाकाला लागू नकोस. हजेरी पट तेवढा घरी आणून ठेव. सकाळी ऊन चढायच्या आत निघू आणि पहिल्या नावापासून सुरुवात करू.

तुझी,
बाई