दर तीन महिन्यांनी अल्बेंडाझोल पाजूनही शेळ्यांना जंत का होतात?

दापोलीकडे १४ शेळ्या, वेळेवर औषध, तरी श्रावणात जबड्याखाली पाणी भरतंय, म्हणून औषध बनावट आहे का, असं तुम्ही विचारलंय. तसं असूही शकतं, पण मी आधी जंतांवर संशय घेईन.

सूज आणि पांढरी पडलेली पापणी ही बहुधा हिमोंकसची खूण. हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पितो. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते, त्यामुळे एकाच कळपातल्या जंतांमध्ये प्रचंड आनुवंशिक विविधता असते. अल्बेंडाझोल जंताच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या साखळीत २००व्या जागी फेनिलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन आलं की औषधाची पकड सुटते. असे थोडे जंत बहुतेक कळपांत आधीपासून असतात, बाजारातून आणलेल्या बोकडाबरोबरही येतात. प्रत्येक डोसाला बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

डोस कमी पडला की हे आणखी लवकर घडतं. बहुतेक चूक इथेच होते: सगळ्यांना अंदाजाने एकच माप. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीच्या दुप्पट, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत लागतं. २५ किलोच्या शेळीला २.५ टक्क्यांचं औषध १५ मिली. वजन काट्यावर घ्या, औषध जिभेच्या मुळाशी सोडा. गाभण शेळीला, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता खात्री करा. १० शेळ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत, हवा काढून, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी तपासणीला द्या. आपल्या दमट उष्म्यात अंडी दिवसभरात फुटतात आणि आकडा खोटाच कमी येतो. मग डोस द्या आणि १४ दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा अंडी मोजा. घट ९५ टक्क्यांहून कमी आली तर त्या कळपात अल्बेंडाझोलचा भरवसा संपला. दुसऱ्या गटाचं औषध डॉक्टरांकडूनच ठरवा. लेव्हामिसोलचा डोस जास्त झाला तर विषबाधा होते. भातखाचराच्या बांधावर चरत असतील तर यकृतातल्या चपट्या जंतांचीही (लिव्हर फ्लूक) तपासणी सांगा, सूज त्यानेही येते.

सरसकट पाजणं मात्र थांबवा. दर पंधरा दिवसांनी, पावसात आठवड्याला, खालची पापणी उलटून बघा: लालबुंद असेल तर सोडा, फिकी किंवा पांढरी असेल तिलाच पाजा. न पाजलेल्या शेळीतले औषधाला बळी पडणारे जंत कुरणात शिल्लक राहायला हवेत, ते प्रतिकारी जंतांशी जुगतात आणि त्यांचं प्रमाण चढू देत नाहीत. जंतांची पिल्लं गवताच्या खालच्या चार बोटांत जास्त असतात, तेव्हा पावसाळ्यात फणसाचा पाला उंच टांगून द्या.