जुन्या खेळण्यांचा दवाखाना : चिकट हीमॅन, तुटका सैनिक आणि चोरबाजारातलं १९७७

गेल्या अंकात मी लिहिलं की पोटमाळ्यावरची खेळणी फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. मला वाटलं, बाहुल्या येतील, भातुकली येईल. आली ती बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांची पत्रं, आणि त्यांच्या बहिणींची, बायकांची. विषय एकच : अंतराळवीर, यंत्रमानव, लेझर बंदूकवाले. नव्या वाचकांना सांगून ठेवते, मी या खेळण्यांशी कधी खेळले नाही. साकीनाक्याला एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीला होते. दाणा ओळखते, सांधा ओळखते, आणि घरात एक मुलगा वाढवला. एवढीच माझी पात्रता.

प्र. : काकू, लालबागची आमची चाळ पुनर्विकासात गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात धाकट्या भावाची खेळणी आहेत. हीमॅन, सगळा चिकट, एक पाय लोंबतोय. जीआय जोचा एक छोटा सैनिक, कमरेत दोन तुकडे झालेला, आतून कसलासा लाल दोरा बाहेर आलाय. आणि एक पांढरा रोबो, तो पिवळा पडलाय. आईने डब्यात डांबरगोळ्या टाकल्या होत्या. भाऊ डिसेंबरात पन्नास वर्षांचा होतोय. त्याला ही नव्यासारखी करून द्यायची आहेत. कुठे दुरुस्तीला देऊ?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उ. : कुठेही देऊ नका, ताई. संध्याकाळचा एक तास आणि ओट्याची अर्धी जागा पुरते. नव्यासारखी तर मुळीच करू नका. का ते सांगते, पण आधी डांबरगोळ्या बाहेर काढा. कपड्यांना त्या ठीक, काही जातींचं प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडतं.

हीमॅन चिकट झाला म्हणजे मळला असं नाही. त्याचं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, आणि ते मुळात कडक असतं, न्हाणीघरातला पाइप बघा. त्यातच तेलासारखं एक द्रव्य घालून ते मऊ करतात, प्लास्टिसायझर म्हणतात त्याला. चाळीच्या पत्र्याखाली तीस-पस्तीस मे महिने काढले की ते तेल हळूहळू बाहेर झिरपतं. शाळेत खोडरबर कंपासपेटीतल्या पट्टीला चिकटायचं आणि पट्टीवर खड्डा पाडायचं, आठवतं? तोच प्रकार. म्हणून मऊ खेळणं कडक खेळण्याला टेकवून ठेवायचं नाही. सैनिकाच्या पाठीवर हीमॅनचा ठसा उमटला असेल तर तो आता जायचा नाही.

कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. डोळे, भुवया, जिथे जिथे रंग आहे तिथे ब्रश नाही, ओलं फडकं फक्त. बुडवून ठेवू नका, कमरेत स्प्रिंग आहे, ती गंजते. कंबर पिरगाळून सोडली की हीमॅन गर्रकन फिरून ठोसा मारायचा, तो त्याच स्प्रिंगचा जोर. मग पंख्याखाली सावलीत वाळवा. चार-सहा महिन्यांनी पुन्हा चिकट झाला तर पुन्हा हेच. एकदाचं बरं होणारं हे दुखणं नाही, मधुमेहासारखं सांभाळायचं.

थिनर नको, नेलपॉलिश काढायचं पाणी तर नकोच नको. हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगते. माझ्या मुलाच्या हीमॅनच्या गालावर बॉलपेनची रेघ होती. मी कारखान्यातली जाणकार ना! कापसाचा बोळा भिजवला आणि एकदाच फिरवला. रेघ गेली, सोबत दोन्ही डोळे गेले. मुलगा शाळेतून आला, त्याने बघितलं. मला वाटलं आता भोकाड पसरतो. तो म्हणाला, ‘राहू दे, हा आता अंधारातल्या ग्रहावर गेलाय. तिथे आवाजावरून शत्रू ओळखतात.’ पुढची दोन वर्षं आमच्या घरी दिवे गेले की हीमॅन बाहेर यायचा.

लोंबता पाय आतल्या रबराचा आहे. दोन्ही पाय आतून एका रबराने ताणून धरलेले असतात, ते सैल पडलंय. ते बदलता येतं, पण त्याला पाठीवर स्क्रू नाही, काम किचकट आहे. पहिल्याच प्रयत्नात कुणी तिथे हात घालू नये. लोंबू द्या.

रोबो पिवळा पडलाय तो ऊन, हवा आणि त्या प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या द्रव्यांमुळे. हल्ली हौशी मंडळी पेरॉक्साइड चोपडून तो उन्हात ठेवतात. पांढरा होतो, खोटं नाही. पण नीट लागलं नाही तर डाग उठतात, आणि काही वर्षांत परत पिवळं व्हायला लागतं. माझ्या मते पिवळा बरा.

आता सैनिक. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत.

हे साडेनऊ सेंटिमीटरचे सैनिक हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत १९८२ पासून आणले. आपल्याकडे फनस्कूलने बनवले. टायरवाली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांची ती भागीदारी १९८७ ची, कारखाना गोव्यात. साचे तिकडचे, पण इथे निघालेल्या सैनिकांचे रंग पुष्कळदा निराळेच. त्यापायी आज परदेशातले संग्राहक गोव्याचा माल शोधत फिरतात. तिकडे ही मालिका १९९४ ला थांबली, आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिली. एवढा मान मिळायचा आहे हे तेव्हा दादरच्या दुकानात काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पोराला कुणी सांगायला हवं होतं.

या सैनिकाचं सगळं चालणं-बसणं एका काळ्या रबरी कडीवर असतं, ओ-रिंगवर. दोन्ही पाय एका धातूच्या आकड्याने जोडलेले. आकड्यात रिंग अडकवलेली, ती कमरेच्या तुकड्यातून वर जाते आणि छातीच्या आत एका खुंटीवर बसते. वरून पाठीचं झाकण, त्याला एक स्क्रू. म्हणजे तुटका दिसतो तो सैनिक खरं तर तुटलेला नसतोच. रबर वाळून कडक होतं, एक दिवस टक्कन जातं, आणि छाती एकीकडे, पाय एकीकडे. मुलांना वाटायचं मेला.

तुमच्या सैनिकातून लाल दोरा बाहेर आलाय. कारखान्यातून असा दोरा कधीच येत नाही. याचा अर्थ दहा-बारा वर्षांच्या मुलाने कुठून तरी बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर पैदा केला, पाठ उघडली, आत काय कशाला अडकतं ते समजून घेतलं आणि रिंगच्या जागी दोरा गुंफून पुन्हा बंद केली. मी सव्वीस वर्षं हेच काम बघितलंय. पगार घेणाऱ्या माणसांना पहिल्या दिवशी जमत नाही. तो दोरा कसला आहे ते भिंगाखाली बघा. कडेला विणीचे दात दिसले तर शाळेच्या रिबिनीची उसवलेली कड असेल. तुमची एखादी लाल रिबीन त्या सुमाराला हरवली होती का?

आमच्या घरी फुगा वापरायचो. फुग्याच्या तोंडाला गुंडाळलेली गोल कड असते ना, ती कात्रीने कापायची. अस्सल रिंगच. वाढदिवसाला गेलं की पोरगा केकपेक्षा फुटक्या फुग्यांकडे बघायचा. दोन-तीन महिने टिकायची, मग दुसरा वाढदिवस.

तर तुम्ही काय करायचं? सैनिक दुरुस्त करायचा नाही. नागदेवी स्ट्रीटला जा, रबराच्या मालाची दुकानं आहेत तिथे. कमरेचा तुकडा सोबत न्या आणि त्यातून जाईल इतकी बारीक ओ-रिंग मागा. किरकोळ किमतीला मिळते, सहा-आठ घेऊन ठेवा. घड्याळजीकडे असतो तसला छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रू गंजला असेल तर टाचणीच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि एक रात्र. तेवढं मात्र तुम्हीच करून ठेवा, नाहीतर डोकं घसरून खाच झिजेल. मग डबा, रिंगा आणि स्क्रूड्रायव्हर तसाच्या तसा भावाच्या हातात. शेवटचा स्क्रू फार आवळू नको एवढं सांगा, आतला खांब तडकतो. आणि बंदूक हातात बसवताना आधी हात कोमट पाण्यात धर म्हणावं, अंगठा सगळ्यात आधी तुटतो.

दोरा फेकू देऊ नका. पुडीत घालून डब्यातच ठेवा.

प्र. : चोरबाजारात मटण स्ट्रीटजवळ एका विक्रेत्याकडून ‘स्टार वॉर्स’मधला पांढऱ्या चिलखताचा सैनिक घेतला. पायामागे ‘१९७७’ आणि ‘हाँगकाँग’ असं कोरलंय. तो म्हणाला, १९७७ चा अस्सल पीस. साडेचार हजार दिले. घरी बायको विचारतेय, मला काय सांगू?
– एक वाचक, विलेपार्ले

उ. : खरं तेच सांगा, फक्त जेवण झाल्यावर.

पायावरचं साल हे हक्काचं (कॉपीराइटचं) साल असतं, बनवल्याचं नव्हे. १९७७ ला ही खेळणी दुकानात नव्हतीच! सिनेमा एवढा चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, ही खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीचे साचे तयार नव्हते. तेव्हा त्यांनी त्या नाताळात चक्क रिकामं पाकीट विकलं. आत पुठ्ठ्याचं चित्र आणि एक प्रमाणपत्र. ते पाठवलं की पुढच्या वर्षी टपालाने चार खेळणी घरी येणार. लोकांनी घेतलंही. आमच्या शेठने असं काही ऐकलं असतं तर खुर्चीतच आडवे झाले असते.

म्हणजे तुमचा सैनिक अस्सल असला तरी १९७८ किंवा त्यानंतरचा. सालाआधी इंग्रजीत जीएमएफजीआय अशी अक्षरं आहेत का बघा. जनरल मिल्स फन ग्रुप, केनरची मालक कंपनी. ती अक्षरं बारीक पण धारदार हवीत. ठशावरून ठसा घेऊन केलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, आणि मूर्ती किंचित लहान निघते, कारण प्लास्टिक थंड होताना आकसतं. ओळखीत कुणाकडे खात्रीचा असेल तर शेजारी उभा करून बघा. बंदूक पाण्यात तरंगली तर ती अस्सल, असंही लोक सांगतात. त्यावर पैसे लावू नका, अपवाद पुष्कळ आहेत.

एक शंका मला वेगळीच आहे. ही खेळणी त्या काळी आपल्याकडे यायची ती आखातातल्या मामाच्या नाहीतर बोटीवरच्या काकाच्या बॅगेतून. एकेका पोराकडे एखादं. ती खेळून खेळून पार झिजलेली असतात. गुडघे काळवंडलेले, ढुंगणाचा रंग उडालेला. तुमचा जर चाळीस वर्षांनंतर पांढराशुभ्र असेल, तर एक तर तो कुणी कधी हातात घेतला नाही, नाहीतर तो चाळीस वर्षांचा नाही.

प्र. : १९८४ साली माझ्या आईने माझा बॅटरीवर चालणारा रोबो मला न विचारता जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला दिला. तेव्हापासून मनात आहे. आई आता ८१ वर्षांची आहे. विषय काढावा का?
– एक वाचक, गिरगाव

उ. : काढा. पण रोबोचा नको, भांड्याचा काढा. बोहारणीने त्या दिवशी बदल्यात काय दिलं, ते आईला नक्की आठवत असेल. त्या बायका सहजी चमचासुद्धा जादा सोडत नसत. कदाचित तो टोप अजून घरात असेल आणि तुम्ही रोज त्यातलाच चहा पीत असाल. तसं निघालं तर मला कळवा.

प्र. : माझी जुनी खेळणी सहा वर्षांच्या मुलाला खेळायला द्यावीत की कपाटात काचेमागे ठेवावीत? धाकटी मुलगी दोन वर्षांची आहे.
– एक वाचक, बोरिवली

उ. : धाकटीच्या हाती अजिबात नको. छोट्या बंदुका, हेल्मेटं थेट तोंडात जातात, आणि जुन्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं. खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) शिक्क्याची सक्ती आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आली, तुमचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. रंगाचे पोपडे सुटत असतील ती खेळणी काचेमागे जाऊ द्या.

बाकीची मोठ्याला द्या. जमिनीवर तुम्हीही बसा आणि नंतर दोघांनी साबणाने हात धुवा. पहिल्या अर्ध्या तासात तो कुणाचं तरी डोकं उपटणार आहे, मनाची तयारी ठेवा. मऊ डोकं असेल तर मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि दाबून बसवा. बसतं परत.