नवऱ्याचं घराणं त्रिनिदादचं, आजी भारतीय वंशाची, आजोबा आफ्रिकन. पूर्वजांचा शोध कुठून सुरू करायचा?

आजीच्या बाजूने सुरू करा, कारण तिथे थेट गावापर्यंत पोचण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून त्रिनिदादला करारावर नेलेल्या मजुरांची जहाजवार नोंद झाली. प्रत्येकाच्या स्थलांतराच्या परवान्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरची खूणसुद्धा लिहिलेली असते. ही कागदपत्रं पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येतात. बहुतेक मजूर कलकत्त्याहून गेले, म्हणजे गाव बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातलं निघण्याचीच शक्यता जास्त.

त्याआधी जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले काढत एकेक पिढी मागे जा. मूळ मजुराचं नाव आणि जहाज हाती लागल्याशिवाय परवाना सापडणं कठीण. शिवाय १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे हिंदू लग्नांना कायदेशीर मान्यता नव्हती, त्यामुळे मुलं बऱ्याचदा फक्त आईच्या नावावर दिसतात. बापाचा रकाना रिकामा दिसला म्हणून भलता निष्कर्ष काढू नका.

आजोबांकडे चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि १८१३ पासूनच्या गुलाम-नोंदवह्या पाहा. गुलाम-नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बऱ्याच ऑनलाइनही मिळतात. मात्र या बाजूला आफ्रिकेतलं नेमकं गाव सापडणं जवळजवळ अशक्य. डीएनए चाचणीतूनही ढोबळ प्रदेशच कळतो, फार तर एखादा दूरचा चुलतभाऊ.