जानेवारीत दोन दिवस चिखलदरा: नागपूरहून गाडीने जाताना

तुम्ही विचारलंय ते असं: जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार, नागपूरहून स्वतःची छोटी गाडी, सोबत सत्तरीला आलेले आईवडील आणि सात वर्षांची मुलगी, गर्दी नको, घाटात चालवायची फारशी सवय नाही. आणि चिखलदरा, मेळघाटच्या जंगलातली सेमाडोहची सफारी, मुक्तागिरीची जैन मंदिरं हे तिन्ही दोन दिवसांत बसेल का?

नाही बसणार. बसवायला गेलात तर दोन्ही दिवस गाडीतच जातील. सफारी आणि मुक्तागिरी यावेळी सोडा आणि एक गोष्ट पक्की धरा: घाट चढताना आणि उतरताना उजेड हवा. बाकी सगळं वेळापत्रक त्याभोवती लावा.

मी अमरावतीचा. गेली पंधरा-सोळा वर्षं हिवाळ्यात एकदा तरी वर जातोच. त्यातल्या एका खेपेला कामावरून उशिरा सुटलो आणि घाटाच्या पायथ्याकडचं परतवाडा सोडलं तेव्हाच अंधार पडला होता. अर्ध्या घाटात धुकं लागलं. दिव्यांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून परत डोळ्यांत येत होता, रस्त्याची कड दिसत नव्हती. बायको खिडकीची काच खाली करून, बाहेर डोकावून 'डावीकडे माती आहे, थोडं उजवीकडे घे' असं सांगत होती. तीस-एक किलोमीटरला दोन तास लागले. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता, एवढंच बरं. त्यानंतर अंधारात तो घाट मी कधी चढलो नाही. जानेवारीत सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याच्याही आधी अंधारून येतं.

म्हणून नागपूरहून सकाळी सातच्या सुमारास निघा. फार पहाटे निघण्याचा फायदा नाही. शेतांच्या आणि नदीच्या कडेला हायवेवर धुकं असतं, ते ऊन चढलं की विरतं. अमरावतीपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर चांगला रस्ता आहे, पुढे पन्नासेक किलोमीटरवर परतवाडा. तिथे टाकी भरा, चाकांतली हवा बघा, थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. मुलीला गाडी लागत असेल तर पोटभर खायला तिथे देऊ नका, थोडंसंच द्या. घाटात मोबाइल किंवा पुस्तक हातात नको, समोर बघायला सांगा.

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत: धामणगाव गढीवरून जाणारी जवळची आणि घटांगवरून जाणारी लांबची. जवळची घ्या. मोबाइलवर रस्ता शोधताना नीट बघा, कारण याच अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे नावाचं गावही आहे आणि ते पार दुसऱ्या टोकाला, समृद्धी महामार्गाच्या बाजूला आहे. माझ्या ओळखीचं एक कुटुंब चुकीच्या धामणगावाकडे बरंच पुढे गेलं होतं.

आता घाट. चढताना इंजीन धापा टाकायला लागलं की वेळेवर खालचा गिअर टाका, ओढत नेऊ नका. समोरून उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, पण सगळे देतीलच असं धरून चालू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपली डावी बाजू सोडू नका. खरी काळजी उतरतानाची. ज्या गिअरवर तो उतार चढला असतात, साधारण त्याच गिअरवर उतरा. गाडीला इंजीनच धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. पाय ब्रेकवर सतत दाबून ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ऐनवेळी ते नीट लागत नाहीत. तसा वास आला तर रुंद जागा बघून थांबा, ब्रेक आपोआप निवू द्या, पाणी ओतू नका. न्यूट्रल टाकून तर अजिबात उतरू नका. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड कसा लागतो हे घरीच शिकून घ्या.

धुकं लागलंच तर दिवे लो बीमवर ठेवा. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नका, त्याने तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. काच आतून धूसर झाली की एसी चालू करून गरम हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. फडक्याने पुसत बसलात तर मिनिटाभरात पुन्हा तीच गत.

दुपारपर्यंत वर पोचाल. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, थंडीच्या लाटेत रात्री पारा एक आकडी होतो. खोली घेताना तलावाच्या बाजूच्या सखल भागापेक्षा जरा उंचावरची बघा. थंड हवा जड असते, रात्री ती खोलगट जागी साचते, त्यामुळे शंभर पावलांवरही थंडीत फरक जाणवतो. गरम पाणी किती वाजता मिळतं आणि जादा पांघरूण मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्या. आईवडिलांसाठी कानटोपी आणि पायमोजे न्याच. नाताळ ते एक जानेवारी हे दिवस मात्र टाळा, तुम्हाला हवी ती शांतता तेव्हा मिळत नाही. रविवार-सोमवार जमला तर फारच उत्तम.

हिवाळ्यात धबधबे जवळपास आटलेले असतात, तेव्हा भीमकुंडाला पाणी बघायच्या आशेने जाऊ नका. दरी मात्र स्वच्छ दिसते. भीमाने कीचकाला मारून याच दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, ही गोष्ट मुलीला तिथे कड्याजवळ उभं राहून सांगा. पंचबोल पॉइंटला प्रतिध्वनी ऐकायला तिला मोठ्याने हाक मारू द्या. या भागात कॉफी पिकते, महाराष्ट्रात हे दुर्मीळच आहे. कॉफीची झुडपं तिला जवळून दाखवा. मोथा गावाकडे हिवाळ्यात स्ट्रॉबेरी मिळते.

शनिवारची दुपार गाविलगडाला द्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरच्या भोसल्यांकडून हा किल्ला घेतला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरांतून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या आणि तिथून तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला, आणि दोनच दिवसांनी भोसले आणि इंग्रजांत देवगावचा तह झाला. किल्ला पूर्ण बघायला अर्धा दिवस लागतो, वडीलधाऱ्यांना तेवढं चालवू नका. दिल्ली दरवाजापर्यंत सावकाश जा आणि त्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी नीट बघा. मी दरवेळी तिथे थोडा वेळ उभा राहतो. त्या दगडाला उन्हात हात लावला तर एक बाजू गरम आणि सावलीतली बाजू बर्फासारखी लागते. साडेचारला परत फिरा.

रविवारी सकाळी सात वाजता देवी पॉइंटला जा. फार कोणी नसतं. खडकाखाली देवीचं ठाणं आहे. बाहेर कड्यावर आलात की खालची दरी धुक्याने भरलेली आणि तुम्ही वर उन्हात, असं दिसतं. आठ-साडेआठला ते धुकं एका बाजूने उसवत जातं, आधी सागाचे शेंडे दिसतात, मग एखाद्या घरातून निघणारा धूर. या डोंगरांतली बरीच गावं कोरकू आदिवासींची. आईवडिलांना बसायला घडीची खुर्ची न्या, थर्मासमध्ये चहा न्या, आणि तासभर तिथून हलू नका.

सेमाडोहला खास वेगळी खेप काढा, दोन मुक्कामांची. मेळघाट १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतला आहे, पण जंगल दाट आणि डोंगराळ, वाघ सहज दिसत नाही. घाईत गेलेला माणूस तिथून नाराज होऊन येतो. मुक्तागिरीला पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

परतीला रविवारी दुपारी एकला निघा. म्हणजे घाट उजेडात उतरून होतो आणि अमरावतीच्या पुढेही दिवस उरतो. निघायच्या दिवशी गाडीचा कुठला मॉडेल आहे ते इथे लिहिलंत, तर उतारावर कुठला गिअर धरायचा ते सांगेन.