‘पीएच.डी. करते म्हणतीया, मग पगार कधी आणि लग्न कधी?’

‘एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. म्हणतीया. अजून पाच-सहा वर्षं शिकायचं, तर पगार कधी आणि लग्न कधी?’ बेळगाव, खानापूर, चिकोडीकडचे पालक मुलीच्या बाबतीत हे विचारतातच. मुलगा असेल तर फक्त पगाराचं विचारतात. असो.

निपाणीजवळच्या गावातले अण्णा असेच करिअरच्या सल्ल्यासाठी लेकीला माझ्याकडे घेऊन आले. तिला वैशाली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. आता तिला कर्करोगाच्या इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारांत, संशोधन करायचं होतं. अण्णांची समजूत अशी, की पीएच.डी. म्हणजे घरून फी भरत राहायचं. म्हणून आधी पैशाचं बोललो. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. दुसरी बाजूही लपवली नाही. फेलोशिप कधी कधी महिनोन्‌महिने रखडते, पीएच.डी.नंतर पोस्ट-डॉक, म्हणजे काही वर्षं तात्पुरत्या जागेवर संशोधन, करावं लागतं, कायमच्या जागा थोड्या. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात अण्णांची हयात गेलेली. आकडे वहीत उतरवून घेताना ते जरा सैल झाले.

वैशाली मात्र गप्पच होती. पुढच्या वेळी तिला एकटीला बोलावलं.

‘मॅडम, दहा वर्षं घातली आणि काहीच सापडलं नाही तर?’

काय सापडायला हवं, असं विचारल्यावर तात्यांचा विषय निघाला. तिचे धाकटे चुलते. तोंडाचा कर्करोग. डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचं इंजेक्शन सुचवलं होतं. खर्च ऐकून घरचे तसेच परत आले. तात्या गेले त्या वर्षी हिनं मनाशी ठरवलं, की यावर औषध शोधायचंच. घरात कुणाला बोलली नाही. अण्णांना तर नाहीच, कारण ‘नको’ हा शब्द त्यांनीच उच्चारला होता.

मयत माणसाला दिलेल्या शब्दावर करिअर उभं केलं, की फसलेला प्रत्येक प्रयोग आपला गुन्हा वाटू लागतो. आणि प्रयोगशाळेत प्रयोग फसतातच. मी तिला शब्द मोड म्हटलं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांच्याबद्दल आम्ही बोललो. त्यांची आई ते लहान असतानाच लिम्फोमाने गेली. तरी कर्करोग बरा करायचा म्हणून आपण निघालो नव्हतो, टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, कशा चालतात ते समजून घ्यायचं होतं, असं ते सांगतात. सीटीएलए-४ हे प्रथिन म्हणजे टी पेशींवरचा ब्रेक आहे आणि तो सोडवला तर त्या गाठीवर तुटून पडतात, हे त्यांनी १९९६ मध्ये उंदरांवर दाखवलं. त्यावरचं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०११ उजाडलं. पीडी-१ हा असाच दुसरा ब्रेक शोधणाऱ्या जपानच्या तासुकु होंजो यांच्यासोबत नोबेल मिळालं २०१८ मध्ये.

तिला जास्त भिडलं ते मुंबईतलं काम. निवोलुमॅब हे होंजोंच्या शोधावर उभं राहिलेलं औषध. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ते डोक्या-मानेच्या (तोंडाचाही यातच येतो) बळावलेल्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नवीन रेणू कुणी शोधला नव्हता. परवडेल अशा मात्रेत काम होतं का, एवढाच प्रश्न होता. ‘हे पण संशोधनच की,’ ती म्हणाली आणि पहिल्यांदा नीट टेकून बसली.

मग आम्ही नोबेल बाजूला ठेवून रोजच्या कामाकडे आलो. पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात ते मीडियम बदलायला रविवारी जायला जमेल? उंदीर हाताळायला? तोच प्रयोग चौथ्यांदा लावायला? याची उत्तरं माझ्या खुर्चीसमोर बसून मिळत नाहीत. आधी सहा महिने प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करून बघ आणि सोबत नेटचा अभ्यास कर, असं ठरलं. नाही आवडलं तर कंपन्यांत चाचण्यांची कामं आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देतात) २०२३ मध्ये परवानगी मिळाली आहे. अशा उपचारांसाठी पेशी तयार करणारी माणसंही लागतात. आपल्या भागातल्या मुलांना एक सोय आहे: एका बाजूला बेंगळूरचं आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), दुसऱ्या बाजूला नवी मुंबईत खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र. इंग्रजी मुलाखतीची तिला धास्ती होती. पण बेंगळूरला उपयोगी पडेल असं कन्नडही तिला येतं, हे तिच्या लक्षातच नव्हतं.

शेवटच्या बैठकीत तिनं अण्णांसमोर तात्यांचं नाव घेतलं. अण्णा बराच वेळ वहीची पानं चाळत बसले. ‘शेत विकायचं म्हणलो होतो मी,’ ते म्हणाले, ‘तात्यानंच शपथ घातली.’ हे वैशालीला ठाऊक नव्हतं.

ती आता बेंगळूरला एका प्रयोगशाळेत आहे. परवा अण्णांचा फोन आला. फेलोशिपचं काही विचारतील असं वाटलं होतं.

‘मॅडम, तुमच्याकडं एवढी माणसं येतात. बेंगळुरातलं एखादं स्थळ असलं तर सांगा. पोरगीला तिकडंच राहायचंय म्हणं.’