परमिट हातात नसताना निरोपाची सभा घेऊ नका

ताई, सलाम.

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच लागली नाही. श्रीरामपूरकडचं तरुण जोडपं, सहा वर्षांची मुलगी, केनियात मिशनच्या शाळेत सेवेला निघालेलं. चर्चच्या मंडळीनं पुढच्या महिन्यात निरोपाची सभा ठरवलीय, केनियातल्या कामाच्या परमिटचा अजून पत्ता नाही, आई नीट बोलत नाही. आणि तुम्ही विचारताय, 'एवढ्या सगळ्यांचा निरोप कसा घ्यायचा, सुरुवात कुठून करायची?' ताई, गाव बदललं तर ही आमचीच २००९ सालची गोष्ट आहे.

पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, लग्नाच्या दाखल्याचं अटेस्टेशन या गोष्टी तुम्ही करत असालच, त्यात मी शिरत नाही. एकच सांगते आणि जरा लांबवून सांगते. परमिट हातात येईपर्यंत निरोपाची सभा घेऊ नका. तारीख ठरली असेल तर पाळकसाहेबांना भेटून त्या दिवशी साधी प्रार्थनासभा करून घ्या. हार-शाल, पाठवणी, जेवणावळ हे सगळं नंतर.

आमचं काय झालं ते ऐका. मी नर्स, हे शिक्षक. ज्या मिशन ऑफिसमार्फत आम्ही जाणार होतो, त्यांचं मार्चमध्ये पत्र आलं: जुलैमध्ये निघायचं, जूनच्या दुसऱ्या रविवारी सभा घ्या. आम्ही विश्वास ठेवला. यांनी नोकरीचा राजीनामा दिला, भाड्याचं घर सोडलं, फ्रीज, कपाट, गाडी विकली आणि सासूबाईंच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. सभेला चारशेच्या वर माणूस होतं. भजनं झाली, वडीलमंडळींनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, सगळे रडले. माझे पप्पा तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, यांना नंतर निवांत भेटू.

जुलै आला, परमिट नाही. ऑगस्ट गेला. बाजारात गेलं की कुणीतरी विचारायचंच, 'अगं, तू अजून इथंच?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण दहाव्यांदा ऐकल्यावर बाजारात जावंसं वाटत नाही. ज्यांनी पाकिटात घालून पैसे दिले त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटायला लागली. आम्ही आमच्या मंडळीत जाणं सोडून दुसऱ्या गावच्या उपासनेला जाऊ लागलो. राहुरीजवळ माहेर, पाऊण तासाचा रस्ता, पण तिथंही मी जाईना. पप्पांना गावात कुणी विचारू नये म्हणून. ज्या चार महिन्यांत मला आईवडिलांच्या घरी राहता आलं असतं, ते मी लपून काढले. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही.

पण ऑफिसचंही सांगते. दर आठवड्याला फोन केला की उत्तर एकच, 'होईल, प्रार्थना करा.' सप्टेंबरअखेर हे स्वतः जाऊन बसले तेव्हा कळलं की आमचा अर्ज पुढं गेलेलाच नव्हता. लग्नाच्या दाखल्याच्या प्रतीवर एक शिक्का कमी होता, म्हणून फाईल जूनपासून तशीच पडून होती. आमची सभा झाली तेव्हाही ती तिथंच होती. कुणाला एक फोन करावासा वाटला नाही. आणि मी रडत विचारलं की निदान खरी तारीख सांगा, मला माझ्या माणसांना भेटून यायचंय, तर तिथल्या एका जबाबदार माणसानं मला बायबलचं वचन ऐकवलं, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही.

ताई, हे वचन तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल, म्हणून यावर थोडं थांबते. मी काही ईश्वरविज्ञान शिकलेली नाही, चुकत असेन तर जाणत्यांनी दुरुस्त करावं. लूकच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात घरच्यांचा निरोप घेऊ द्या म्हणणाऱ्याला प्रभू असं म्हणाला हे खरं. पण नांगर जुन्या करारात, १ राजेच्या १९व्या अध्यायातही आहे. अलीशा बैलांच्या बारा जोड्यांनी शेत नांगरत असताना एलीया संदेष्ट्याचं बोलावणं आलं. त्यानं आईबापाचं चुंबन घेऊन येतो म्हणून विचारलं, मग बैल कापले, नांगराच्याच लाकडावर मांस शिजवलं, लोकांना जेवू घातलं आणि मग निघाला. प्रेषित पौलानं मिलेत गावी इफिसच्या मंडळीच्या वडीलमंडळींना मुद्दाम बोलावून घेतलं, गुडघे टेकले, सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले आणि त्याला जहाजापर्यंत पोचवायला गेले. निरोप घेणं म्हणजे मागे पाहणं असतं, तर हे कशाला लिहून ठेवलं असतं? ज्याला तुमच्या आईसमोर बसायचं नाही, त्याला ते वचन वापरायला सोपं जातं, एवढंच माझं मत.

परमिट ऑक्टोबरच्या शेवटी आलं आणि तिकीट पाचव्या दिवसाचं निघालं. यलो फीव्हरची लस आधीच घेतली होती म्हणून निभावलं. (तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, ती शेवटच्या आठवड्यावर ठेवूच नका. ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि वार ठरलेले असतात.) त्या पाच दिवसांत पप्पांच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. जीप बाहेर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पप्पा उसाला पाणी देत होते, चिखलाच्या पायांनी आले. मार्चमध्ये ते एवढंच म्हणाले होते, 'तुला शिकवलं ते इथल्या दवाखान्यासाठी.' त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललोच नव्हतो. त्या दिवशी मला बोलायचं होतं. ते म्हणाले, 'सभेत झालंच की सगळं. ये आता.' आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मीही 'येते पप्पा' म्हटलं आणि जीपमध्ये बसले. त्यांचं रडणं जूनमध्येच होऊन गेलं होतं. खऱ्या दिवसासाठी काही उरलंच नव्हतं.

२०१०च्या मे महिन्यात पप्पा गेले, झोपेत. आम्ही केनियात किसुमू शहराजवळ होतो आणि आमचे पासपोर्ट शिक्क्यासाठी तिथल्या एका कार्यालयात जमा होते. ते मिळून मी राहुरीला पोचले तेव्हा दफनाला नऊ दिवस झाले होते. वेळेवर पोचले असते तरी काही बदललं नसतं, हे मला कळतं. ती चाळीस मिनिटं मात्र बदलता आली असती.

म्हणून क्रम सांगते. आधी घर, मग मंडळी. तुमच्या आईला ही बातमी सभेच्या आमंत्रणातून कळली असेल तर त्या गप्प का आहेत याचं उत्तर तिथंच आहे. (तुमच्या पोस्टवरून मला तसं वाटलं, चूक असेल तर माफ करा.) त्यांच्याकडे भेटायला जाऊ नका, राहायला जा. आठ दिवस. सामानाची यादी घरी ठेवून. मोठं बोलणं दुपारी चहाला होत नाही, ते रात्री अंथरुणं घातल्यावर होतं.

आणि जे कुणी विचारत नाही ते विचारा. आजारी पडलात तर दवाखान्याचा निर्णय कुणी घ्यायचा? काही बरंवाईट झालं तर आमच्यासाठी थांबायचं की नाही? आपल्याकडे दफन शक्यतो दुसऱ्या दिवशीच उरकतात, आणि हे ठरलेलं नसलं की मागं राहिलेल्या भावंडांची फार ओढाताण होते. माझ्या भावानं माझ्यासाठी थांबावं की नाही यावर नातेवाइकांत वाद झाला, त्याचा सल अजून आहे. २०१३ साली सुट्टी संपवून परत निघताना मी आईला हे विचारलं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, 'बरं झालं विचारलंस, मी कधीची सांगणार होते.'

जुने मिशनरी निघायचे तेव्हा हे आपोआप होत असावं. ज्यांच्यामुळे पुढं आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, त्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या १८१२च्या पहिल्या तुकडीत हॅरिएट न्यूवेल होती. फेब्रुवारीत जहाजावर चढली तेव्हा अठरा वर्षांची. त्याच नोव्हेंबरात मॉरिशसला वारली. तिच्या नवऱ्यानं पुढं मुंबईत सेवा केली आणि १८२१ मध्ये तोही इथंच गेला. त्या घरांना ठाऊक होतं की ही भेट शेवटची असू शकते. आपल्या हातात फोन असतो, म्हणून आपण निरोप अर्धाच घेतो. व्हिडिओ कॉलवर रोज तोंड दिसतं, पण राग, रुसवा, माफी हे कॉलवर नीट होत नाही. ते इथंच करून जा.

मित्रमैत्रिणींचं थोडक्यात. माझी शाळेतली जवळची मैत्रीण हिंदू. मी तिला फक्त सभेची पत्रिका दिली. ती बिचारी आली, मागच्या बाकावर अनोळखी माणसांत बसली, आणि तिथं जे ऐकलं त्यावरून तिला वाटलं की मी लोकांचा धर्म बदलायला चालले आहे. माझं काम बाळंतिणींच्या वॉर्डातलं होतं, ते तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. नंतर बोलणं झालं, पण मधे दोन वर्षं गेली. अशा माणसांना घरी जेवायला बोलवा. काय करणार आहात ते सरळ सांगा, श्रद्धेबद्दल विचारलं तर तेही न लपवता सांगा.

निरोपाच्या भेटीत पैशांचा विषय काढू नका. पाठिंब्यासाठी वेगळ्या दिवशी, वेगळं जा. काही मिशनं उलट सांगतात. माझं मत ठाम आहे, पण ते माझं मत आहे.

मुलीला 'लवकर परत येऊ' म्हणू नका. आम्ही आमच्या सात वर्षांच्या मुलीला तसं सांगितलं. घरचा कुत्रा मावशीकडे गेला, त्याला तिनं हात लावून निरोपही दिला नाही, कारण 'आपण येणारच आहोत ना.' किसुमूत ती कित्येक महिने दर रविवारी विचारायची, 'आता गेलो तर तो मला ओळखेल का?' शाळा, बाई, मैत्रिणी, झाड, कुत्रा, सगळ्यांना एकेक करून भेटवा. रडली तर रडू द्या.

आता किरकोळ. वडील किंवा सासरे पेन्शनर असतील तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला त्यांना कोण नेणार, ते नाव घेऊन ठरवा, 'कुणीतरी नेईल' नको. बँकेत परदेशी जाताय हे सांगून खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं) करून घ्या. तूरडाळ आणि पिठात किलो वाया घालवू नका, नैरोबी-किसुमूत गुजराती दुकानं आहेत आणि चपाती तर केनियन घराघरात लाटतात. त्या जागी मुलीची मराठी पुस्तकं न्या, आणि आईच्या हातानं लिहून घेतलेलं काहीही न्या. केनियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तेव्हा फोनची वेळ आईच्या झोपेप्रमाणे ठरवा. पुढं त्यांना तिकडं बोलवायचं मनात असेल तर साठीपुढच्यांना यलो फीव्हरची लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, ते आधी विचारून ठेवा. आणि २०२४ पासून केनियाची जी ऑनलाइन प्रवास-परवानगी मिळते ती भेटीला जाणाऱ्यांसाठी आहे, कामाचं परमिट वेगळं. 'तिच्यावर आधी जा, मग बघू' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नियम बदलत असतात, तेव्हा अधिकृत ठिकाणी तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका. कॅथलिक संघांची पद्धत वेगळी असते, त्यातलं मला सांगता येणार नाही.

ऑफिसकडून एकच गोष्ट लेखी मागा: अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला आणि त्याचा नंबर. आम्ही तो एप्रिलमध्ये मागितला असता तर जूनची सभा झालीच नसती.

सभा पुढं ढकलायचं बोलणं जड जाणार हे मला ठाऊक आहे. पत्रिका छापल्या असतील, मटणवाल्याला सांगितलं असेल. पाळकसाहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मला निरोप टाका, मी आज रात्री लिहून देते. पण त्याच्याआधी आईकडे जाऊन या.